अमेरिकेच्या आरंभकाळातील गुलाम हुजरे

अठराव्या शतकातील ब्रिटिश अमेरिकेत आणि नंतरच्या नव्या प्रजासत्ताकात सधन घरमालकाच्या खास दिमतीला एक गुलाम पुरुष असे. मालकाचे केस विंचरून बांधणे, दाढी करणे, कपडे काढून ठेवणे, जेवताना मागे उभे राहणे, घोडेस्वारीत सोबत करणे, चिठ्ठ्या पोचवणे आणि आजारपणात उशाशी बसणे ही त्याची कामे. घरातल्या इतर कोणत्याही गुलामापेक्षा तो मालकाच्या अधिक जवळ असे. या जवळिकीमुळे त्याला बरे कपडे, प्रवास, हातखर्चाचे पैसे आणि बाहेरच्या जगाची माहिती मिळे. मात्र तो विकला जाईल की नाही, त्याची बायकामुले त्याच्याजवळ राहतील की नाही आणि म्हातारपणी तो स्वतंत्र असेल की नाही, हे प्रश्न जवळिकीने सुटत नसत. ते कायदा, वारसाहक्क आणि मालकाची कर्जे यांवर ठरत. जॉर्ज वॉशिंग्टन, टॉमस जेफर्सन आणि जेम्स मॅडिसन या तिन्ही व्हर्जिनियन राष्ट्राध्यक्षांच्या हुजऱ्यांची माहिती त्यातल्या त्यात भरपूर उपलब्ध असल्याने या जीवनाचा आढावा मुख्यतः त्यांच्याच आधारे घेता येतो.

कायद्याची चौकट

अमेरिकेच्या पहिल्या जनगणनेत, १७९० साली, सुमारे ३९ लाख लोकसंख्येत सुमारे ७ लाख गुलाम होते. त्यांपैकी २ लाख ९० हजारांहून अधिक एकट्या व्हर्जिनियात होते. बहुसंख्य गुलाम तंबाखू, भात आणि गव्हाच्या शेतांत राबत. घरकामातील गुलाम तुलनेने थोडे होते. पण शेतावरच्या आणि घरातल्या गुलामांना कायदा एकच होता. व्हर्जिनियाच्या १६६२ च्या कायद्याने मुलाचा दर्जा आईच्या दर्जावरून ठरू लागला. १६६७ च्या कायद्याने बाप्तिस्मा घेतला तरी गुलामी सुटत नाही, असे स्पष्ट केले. शिक्षा करताना गुलाम दगावला तर मालकावर खुनाचा गुन्हा लागत नसे. १७२३ पासून गुलामाला मुक्त करण्यासाठी गव्हर्नर आणि त्याचे मंडळ यांची संमती लागे. १७८२ मध्ये ही अट उठली आणि मालकाला स्वतःच्या मर्जीने, लेखी दस्ताने किंवा मृत्युपत्राने, गुलाम मुक्त करता येऊ लागला. १८०६ मध्ये कायदा पुन्हा आवळला गेला. मुक्त झालेल्याने वर्षभरात व्हर्जिनिया सोडली पाहिजे, नाही तर तो पुन्हा गुलाम ठरेल, अशी तरतूद झाली.

या कायद्यांचा हुजऱ्याच्या आयुष्यावर सरळ परिणाम होई. गोऱ्या मालकापासून गुलाम स्त्रीला झालेली मुले आईच्या दर्जामुळे गुलामच राहत, आणि अशा मुलांना पुष्कळदा घरकामात घेतले जाई. जेफर्सनचा सासरा जॉन वेल्स याला एलिझाबेथ हेमिंग्ज या गुलाम स्त्रीपासून सहा मुले झाली होती. वेल्सच्या मृत्यूनंतर ती मुले वारसाहक्काने जेफर्सनच्या घरी आली. त्यांतले रॉबर्ट आणि जेम्स हे दोघे भाऊ जेफर्सनच्या पत्नीचे सावत्र भाऊ होते. नात्याने मेहुणे असलेले हे दोघे जेफर्सनच्या घरात गुलाम म्हणून सेवा करीत.

निवड आणि शिकवण

हुजऱ्या लहानपणापासून घडवला जाई. मालकाच्या मुलाला त्याच्याच वयाचा एक गुलाम मुलगा सोबती म्हणून देण्याची रीत होती. ज्युपिटर इव्हान्स आणि टॉमस जेफर्सन दोघेही १७४३ साली शॅडवेल या एकाच मळ्यावर जन्मले. जेफर्सन विल्यम्सबर्गला शिकायला आणि पुढे वकिली करायला गेला तेव्हा ज्युपिटर त्याचा हुजऱ्या होता. नोकराचाकरांना बक्षिसी देताना जेफर्सनकडे सुटे पैसे नसले तर तो ज्युपिटरकडून उसने घेई आणि हिशेबाच्या वहीत तशी नोंद करी. १७७४ मध्ये ज्युपिटरच्या जागी बारा वर्षांचा रॉबर्ट हेमिंग्ज आला आणि ज्युपिटरकडे तबेला व दगडकाम सोपवले गेले. एकतीस वर्षांच्या अनुभवी माणसाचे काम एका पोराला द्यायला मालकाची इच्छा पुरेशी होती. दोनच वर्षांनी, जेफर्सन फिलाडेल्फियात स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा लिहीत असताना, त्याच्या सेवेला हाच चौदा वर्षांचा रॉबर्ट होता.

काही हुजरे विकत घेतले जात. वॉशिंग्टनने १७६८ मध्ये एका विधवेच्या मालमत्तेतून विल्यम ली आणि त्याचा भाऊ फ्रँक यांना खरेदी केले. विल्यमसाठी ६१ पौंड १५ शिलिंग आणि फ्रँकसाठी ५० पौंड पडले. विल्यम हुजऱ्या झाला, फ्रँक जेवणघराचा कारभारी. आधीच्या मालकाचे आडनाव विल्यमने स्वतःसाठी कायम ठेवले. आडनाव लावण्याचा हा आग्रह साधा नव्हता, कारण हिशेबाच्या वह्यांत गुलामांची नुसती पहिली नावेच लिहिली जात. तीही पुष्कळदा मालकाने ठेवलेली असत आणि ज्युपिटर, सीझर, पॉम्पी, केटो, सिपिओ अशा रोमन नावांची त्यात हौस असे.

कामाचा दिवस

हुजऱ्याचा दिवस मालकाच्या आधी सुरू होई आणि मालक झोपल्यावर संपे. पहाटे शेकोटी आणि गरम पाणी तयार ठेवणे, कपडे झटकून, बुटांना पॉलिश करून मांडणे, मग केस. त्या काळी पुरुष केस लांब ठेवीत, मागे वेणीसारखे बांधीत आणि त्यावर पावडर मारीत; हे काम कौशल्याचे होते. विल्यम ली रोज सकाळी वॉशिंग्टनचे केस विंचरून बांधी. मॅडिसनचा हुजऱ्या पॉल जेनिंग्जने पुढे लिहून ठेवले की, सोळा वर्षे तो मालकाची दिवसाआड दाढी करीत असे. दाढी आणि केशभूषा येणाऱ्या गुलामाला बाजारात जास्त किंमत येई. पळून गेल्यास हीच कला त्याला परक्या शहरात पोट भरायला उपयोगी पडे.

दुपारच्या जेवणाला, म्हणजे दिवसातल्या मुख्य जेवणाला, हुजऱ्या मालकाच्या खुर्चीमागे उभा राही. पाहुण्यांच्या राजकारणाच्या, कर्जाच्या आणि लग्नाच्या गोष्टी त्याच्या कानावर पडत. मालकांना याची जाणीव होती. जेफर्सन अध्यक्ष असताना खासगी जेवणांच्या वेळी पाहुण्यांजवळ फडताळवजा लहान फिरती टेबले ठेवी, म्हणजे वाढपी लागत नसत आणि बोलणे बाहेर जात नसे. मॉन्टिसेलो येथील त्याच्या घरात जेवणघराच्या भिंतीत फिरणारे दार होते. त्यावरच्या फळ्यांवर पलीकडून पदार्थ ठेवायचे आणि दार फिरवून आत घ्यायचे. शेकोटीच्या कडेला तळघरातून दारूच्या बाटल्या वर आणणारी खेचयंत्रे होती. या सोयींमागे काटकसर नव्हती, कारण माणसांची तिथे वाण नव्हती. सेवा हवी पण सेवा करणारा समोर नको, ही त्यांमागची दृष्टी होती.

घराबाहेरची कामेही हुजऱ्याकडे असत. कोल्हा हेरून कुत्र्यांसह त्याचा पाठलाग करणे हा व्हर्जिनियाच्या जमीनदारांचा आवडता खेळ होता. विल्यम ली या शिकारीत कुत्र्यांची टोळी सांभाळी आणि उत्तम घोडेस्वार म्हणून ओळखला जाई. रिचमंड परगण्यातील लँडन कार्टर या जमीनदाराचा हुजऱ्या नसाव हा मळ्यावरच्या आजाऱ्यांची शीर तोडून रक्त काढणे, औषध देणे ही वैद्याच्या मदतनिसाची कामे करी.

वेश, निवारा आणि हातखर्च

हुजऱ्याचा पोशाख मालकाच्या प्रतिष्ठेचा भाग होता. शेतातल्या गुलामांना वर्षातून एकदोनदा जाडाभरडा ऑस्नाबर्ग कापडाचा सदरा आणि विजार मिळे. वॉशिंग्टनने मात्र घरातील सेवकांसाठी स्वतःच्या मानचिन्हाच्या रंगांत, पांढऱ्यावर लाल, गणवेश करवून घेतले होते. कापड लंडनहून येई. असा वेश उबदार आणि टिकाऊ असे, पण तो घालणारा कोणाच्या मालकीचा आहे हेही दुरून सांगे.

निवाऱ्याची गोष्ट वेगळी होती. हुजऱ्याला स्वतंत्र खोली क्वचितच मिळे. तो मालकाच्या दारापाशी, बोळकांडीत किंवा स्वयंपाकघराच्या माळ्यावर अंथरूण टाकी, कारण रात्रीही हाकेला ओ द्यावी लागे. शेतातल्या गुलामाला सूर्यास्तानंतर आणि रविवारी आपल्या झोपडीत थोडी मोकळीक मिळे, शेजारीपाजारी असत, परसात भाजी लावता येई. हुजऱ्याला चांगले अन्न आणि कमी अंगमेहनत मिळे, पण दिवसाचा कोणताच तास खात्रीने स्वतःचा नसे. पाहुण्यांच्या बक्षिशीतून मात्र त्याच्या हाती रोख पैसा येई. मॉन्टिसेलोचा बर्वेल कोलबर्ट याला जेफर्सन वर्षाला २० डॉलर देई. ही रक्कम पगार नसून मर्जी होती.

विश्वास आणि शिक्षा

विश्वासू म्हणून नावाजलेला गुलामही शिक्षेपासून सुरक्षित नव्हता. कोलबर्टला फटके मारायचे नाहीत असा जेफर्सनचा हुकूम होता. असा हुकूम वेगळा द्यावा लागे, यातच सर्वसाधारण रीत दिसते. वेस्टओव्हरचा जमीनदार विल्यम बर्ड याने १७०९ ते १७१२ या काळात सांकेतिक लिपीत ठेवलेल्या रोजनिशीत घरातील गुलामांना मारल्याच्या नोंदी प्रार्थना, न्याहारी आणि वाचन यांच्या नोंदींशेजारी येतात. यूजीन नावाच्या मुलाने अंथरूण ओले केले म्हणून त्याला मूत्र प्यायला लावल्याचेही त्याने निर्विकारपणे लिहिले आहे. कार्टरच्या रोजनिशीत नसावच्या दारूबद्दल वर्षानुवर्षे तक्रारी आहेत. त्याला शिक्षा होई, मालक माफी देई, आणि पुन्हा त्याच्याचकडून सेवा घेई. नसाववाचून कार्टरचे चालत नसे, आणि या परावलंबित्वामुळे मालकाचा राग आणखी वाढे.

युद्ध आणि परदेशप्रवास

मालक जाई तिकडे हुजऱ्या जाई, आणि त्यामुळे काही गुलामांनी इतिहास अगदी जवळून पाहिला. विल्यम ली १७७४ मध्ये वॉशिंग्टनबरोबर फिलाडेल्फियाच्या पहिल्या काँटिनेंटल काँग्रेसला गेला आणि नंतर स्वातंत्र्ययुद्धाची आठही वर्षे त्याच्या छावणीत राहिला. जॉन ट्रंबलने १७८० मध्ये रंगवलेल्या वॉशिंग्टनच्या चित्रात मागे घोड्यापाशी फेटेवाला कृष्णवर्णीय सेवक दिसतो. तो ली मानला जातो. युद्ध स्वातंत्र्याचे होते, पण ते संपल्यावर ली गुलाम म्हणूनच माउंट व्हर्नन या मळ्यावर परतला. दुसऱ्या बाजूला, १७७५ च्या नोव्हेंबरात व्हर्जिनियाचा ब्रिटिश गव्हर्नर लॉर्ड डनमोर याने बंडखोरांच्या लढाऊ गुलामांना ब्रिटिश बाजूला आल्यास मुक्तीचे वचन दिले, आणि शेकडो गुलाम त्याच्याकडे पळून गेले.

परदेशात कायदा बदले, आणि तिथे हुजऱ्याची स्थिती मालकाला अडचणीची ठरे. बेंजामिन फ्रँकलिन १७५७ मध्ये लंडनला गेला तेव्हा पीटर आणि किंग हे दोन गुलाम बरोबर होते. किंग पळाला आणि पुढे एका इंग्रज बाईच्या घरी लिहायला, वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकत असल्याचे आढळले. याहून दूरगामी प्रकरण जेम्स सॉमरसेटचे. बॉस्टनमध्ये जकात खात्यात असलेल्या चार्ल्स स्टुअर्टचा हा सेवक १७६९ मध्ये लंडनला आला, १७७१ मध्ये घर सोडून गेला, पकडला गेला आणि जमैकाला विकण्यासाठी जहाजावर बेड्यांत ठेवला गेला. २२ जून १७७२ रोजी न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्डने निकाल दिला की, गुलामाला बळजबरीने इंग्लंडबाहेर नेण्याचा अधिकार मालकाला नाही, आणि सॉमरसेट सुटला. ही बातमी अमेरिकेतल्या गुलामांपर्यंत पोचली. १७७४ मध्ये व्हर्जिनियाच्या वृत्तपत्रात बॅकस नावाच्या फरारी गुलामाची जाहिरात आली. तो लहानपणापासून हुजऱ्याचे काम करणारा आणि अनेक वर्षे मालकाबरोबर घोड्यावरून फिरलेला होता. सॉमरसेट खटल्याचा निकाल त्याला माहीत असल्याने तो ब्रिटनला जाणारे जहाज गाठू पाहील, असा मालकाचा कयास होता.

जेम्स हेमिंग्जला जेफर्सनने १७८४ मध्ये पॅरिसला नेऊन फ्रेंच पाककला शिकवली. फ्रान्समध्ये न्यायालयात दाद मागून स्वतंत्र होणे शक्य होते, तरी तो १७८९ मध्ये परतला. आई आणि भावंडे व्हर्जिनियात असणे हा या परतण्यातला मोठा धागा असावा. १७९३ मध्ये त्याने जेफर्सनकडून लेखी करार मिळवला की, दुसऱ्या कोणाला स्वयंपाक शिकवल्यास त्याला मुक्त केले जाईल. धाकट्या भावाला शिकवून १७९६ मध्ये तो स्वतंत्र झाला. १८०१ मध्ये बाल्टिमोर येथे त्याने आत्महत्या केली.

लग्न आणि मुले

गुलामांच्या विवाहाला कायद्याची मान्यता नव्हती. हुजऱ्याच्या बाबतीत मालकाच्या सतत भटकंतीची भर पडे. युद्धकाळात विल्यम लीचा फिलाडेल्फियातील मार्गारेट टॉमस या स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रीशी संबंध जुळला. १७८४ मध्ये त्याने तिला माउंट व्हर्ननला आणण्याची विनंती केली. वॉशिंग्टनला ती बाई पसंत नव्हती, पण युद्धभर निष्ठेने सोबत केलेल्या माणसाला नकार देणे त्याच्या जिवावर आले, असे त्याच्या पत्रावरून दिसते. आठ वर्षांच्या सोबतीनंतरही बायकोला जवळ आणण्यासाठी लीला अर्ज करावा लागला.

रॉबर्ट हेमिंग्जची पत्नी डॉली दुसऱ्या मालकाची गुलाम होती. तिच्याजवळ राहता यावे म्हणून त्याने तिच्या मालकाकडून आगाऊ पैसे घेतले आणि १७९४ च्या डिसेंबरात जेफर्सनकडून स्वतःला सोडवून घेतले. जेफर्सनला हे रुचले नाही. पॉल जेनिंग्जची पत्नी फॅनी शेजारच्या मळ्यावर होती. मॅडिसनची विधवा डॉली हिने त्याला वॉशिंग्टन शहरात नेले तेव्हा पत्नी आणि मुले मागेच राहिली.

उत्तरेकडील घरे

गुलाम सेवक केवळ दक्षिणेत होते असे नाही. न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, बॉस्टन आणि न्यूपोर्ट येथील व्यापारी, वकील आणि धर्मोपदेशक यांच्या घरी एखाददुसरा गुलाम असे. तो माळ्यावर झोपे, कुटुंबाबरोबर चर्चमध्ये जाई आणि पुष्कळदा लिहायवाचायला शिके. आपल्या माणसांची संगत मात्र दुर्मीळ असे. बॉस्टनचा धर्मोपदेशक कॉटन मेदर याला ओनेसिमस या त्याच्या आफ्रिकन सेवकाने देवीच्या टोचणीची आफ्रिकी पद्धत सांगितली. १७२१ च्या साथीत डॉक्टर झॅबडिएल बॉयल्स्टनने ती बॉस्टनमध्ये वापरली आणि टोचून घेतलेल्यांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी राहिले.

क्रांतीच्या भाषेचा आधार घेऊन उत्तरेतील गुलामांनी थेट सरकारकडे दाद मागितली. १७७९ मध्ये न्यू हॅम्पशरमधील २० गुलामांनी विधिमंडळाला मुक्तीचा अर्ज केला. त्यांत स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या विल्यम व्हिपलचा सेवक प्रिन्स व्हिपल होता. अर्जावर निर्णय झाला नाही. पेनसिल्व्हेनियाने १७८० मध्ये क्रमाक्रमाने मुक्तीचा कायदा केला. बाहेरच्या मालकाचा गुलाम तिथे सलग सहा महिने राहिला की मुक्तीला पात्र ठरे. फिलाडेल्फिया राजधानी असताना वॉशिंग्टन आपल्या गुलामांना मुदत भरण्याआधी राज्याबाहेर पाठवून परत आणी, आणि खरे कारण त्यांना कळू नये याची काळजी घेई.

पलायन

हुजऱ्याला रस्ते, बंदरे, शहरी बोलीचाली माहीत असत, म्हणून त्याचे पळणे मालकाला अधिक धोक्याचे वाटे. वॉशिंग्टनच्या घरातून १७९६ च्या मे महिन्यात मार्था वॉशिंग्टनची दासी ओना जज आणि १७९७ च्या फेब्रुवारीत आचारी हर्क्युलिस पळाले. दोघांनाही परत आणता आले नाही. १७९९ मध्ये वॉशिंग्टनचा तेव्हाचा हुजऱ्या क्रिस्टोफर शील्स यानेही पत्नीसह अलेक्झांड्रियाहून जहाजाने निसटण्याचा बेत केला. दोघांमधली चिठ्ठी मालकाच्या हाती लागली आणि बेत फसला. काही आठवड्यांनी, १४ डिसेंबरला, वॉशिंग्टन मरणशय्येवर असताना हाच शील्स दिवसभर पलंगाशी उभा होता. मालकाने त्याला खुणेने बसायला सांगितल्याची नोंद आहे.

बाहेरच्या जगाचा अनुभव मालकांना बिघाड वाटे. मॅडिसनचा सेवक बिली तीन वर्षांहून अधिक काळ फिलाडेल्फियात राहिला. १७८३ मध्ये मॅडिसनने वडिलांना कळवले की, त्याचे मन आता व्हर्जिनियातल्या गुलामांत परत नेण्याजोगे राहिलेले नाही. ज्या स्वातंत्र्यासाठी आपण एवढे रक्त सांडले त्याची इच्छा धरल्याबद्दल त्याला शिक्षा करणे मॅडिसनला योग्य वाटले नाही. तरी त्याने बिलीला सोडून दिले नाही, सात वर्षांच्या बंधनावर विकले. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याने त्याहून जास्त मुदत चालत नव्हती.

म्हातारपण आणि मुक्ती

विल्यम लीचा एक गुडघा १७८५ मध्ये जमीनमोजणीच्या वेळी आणि दुसरा १७८८ मध्ये पडून मोडला. १७८९ मध्ये अध्यक्षाच्या सेवेसाठी तो पायाला पोलादी आधार लावून न्यूयॉर्कला पोचला, पण पुढच्या वर्षी त्याला परत यावे लागले. त्यानंतर माउंट व्हर्ननमध्ये तो चांभारकाम करी आणि दारूच्या आहारी गेला. वॉशिंग्टनच्या मृत्युपत्राने त्याला ताबडतोब मुक्ती आणि आयुष्यभर वर्षाला ३० डॉलर दिले. मळ्यावरील ३१७ गुलामांपैकी १२३ वॉशिंग्टनच्या स्वतःच्या मालकीचे होते. त्यांना मार्थाच्या मृत्यूनंतर मुक्त करायचे होते, तिने ते १ जानेवारी १८०१ रोजीच केले. मार्थाच्या पहिल्या पतीच्या मालमत्तेतून आलेले गुलाम तिच्या वारसांचे होते, त्यांना मुक्त करण्याचा अधिकार दोघांनाही नव्हता. त्यामुळे फ्रँक ली स्वतंत्र झाला, पण त्याची पत्नी ल्युसी आणि मुले गुलामच राहिली. शील्सही याच दुसऱ्या गटातला होता.

जेफर्सनने १८२६ च्या मृत्युपत्रात पाच जणांना मुक्त केले. बर्वेल कोलबर्ट त्यांत होता. त्याला ३०० डॉलरही मिळाले. १८०६ च्या कायद्यामुळे त्यांना राज्यात राहू द्यावे अशी विनंती जेफर्सनला विधिमंडळाकडे करावी लागली. त्याच्या प्रचंड कर्जापोटी १८२७ च्या जानेवारीत मॉन्टिसेलोतील १३० गुलामांचा लिलाव पुकारला गेला. मुक्त झालेल्या लोहार जो फॉसेटची पत्नी आणि मुले या लिलावात विकली गेली. सरन्यायाधीश जॉन मार्शलचा सेवक रॉबिन याला १८३५ मध्ये मृत्युपत्राने मुक्तीचा पर्याय मिळाला. लायबेरियाला गेल्यास १०० डॉलर, दुसरीकडे गेल्यास ५० डॉलर. व्हर्जिनियात राहायचे तर मार्शलच्या मुलांपैकी कोणाला तरी मालक म्हणून निवडायचे. म्हातारा रॉबिन मार्शलच्या मुलीकडे राहिला, म्हणजे गुलामच राहिला.

मॅडिसनने कोणालाच मुक्त केले नाही. जेनिंग्जला १८४६ मध्ये २०० डॉलरला विकले गेले. पुढच्या वर्षी सेनेटर डॅनियल वेब्स्टरने त्याला १२० डॉलरला घेतले आणि दरमहा ८ डॉलरप्रमाणे काम करून ही रक्कम फेडण्याच्या अटीवर मुक्ती दिली. डॉली मॅडिसन हलाखीत असताना जेनिंग्ज तिला अन्न आणि अधूनमधून थोडे पैसे नेऊन देई.

माहितीची साधने

हुजऱ्यांविषयीची बहुतेक माहिती मालकांच्या पत्रांतून, रोजनिशांतून, हिशेबांतून आणि फरारींच्या जाहिरातींतून येते. त्यांत मालकाला जे महत्त्वाचे वाटले तेवढेच उरले आहे: खर्च, चूक, आजार, निष्ठा. मालकांच्या वंशजांनी लिहिलेल्या आठवणींत निष्ठावान म्हाताऱ्या सेवकाचे जे चित्र येते, ते एकोणिसाव्या शतकातील गुलामीच्या समर्थनाला सोयीचे होते. सेवकाची स्वतःची बाजू पलायन, अर्ज, करार अशा कृतींतून वाचावी लागते. थेट लेखन थोडे आहे. जेनिंग्जच्या मॅडिसनविषयीच्या आठवणी १८६५ मध्ये छापून आल्या. १८१४ मध्ये ब्रिटिशांनी अध्यक्षांचे निवासस्थान जाळले तेव्हा वॉशिंग्टनचे मोठे चित्र डॉली मॅडिसनने स्वतः काढून नेले, ही लोकप्रिय कथा त्याने त्यात खोडून काढली. ते काम एका द्वारपालाने आणि माळ्याने केले, असे त्याने लिहिले. त्या दिवशी जेवणाचे टेबल त्यानेच मांडले होते.